स्वतंत्र कोणापासून? बांधील कोणाला?



दर दोन महिन्यांनी पेपरात एक फोटो येतो. सुटाबुटातला गृहस्थ, समोर माइकांचा झुबका, मागे रिझर्व्ह बँकेचं चिन्ह: ताडाचं झाड आणि वाघ. खाली मथळा: रेपो दर जैसे थे, बाजारात उत्साह. नाहीतर: रेपो दर वाढला, बाजार नाराज. आपल्यातले बहुतेक जण ते पान उलटून क्रिकेटकडे जातात. ह्यात आपलं काय आहे, असं वाटतं. तसं वाटावं अशाच भाषेत ते छापलेलं असतं.

रेपो म्हणजे काय भानगड? रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर. तो चढला की कर्ज महागतं, मालक हात आखडतो, बांधकामं अडतात, बंदरात माल कमी उतरतो आणि नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला मुकादम सांगतो, आज काम नाय. तो उतरला की पैसा मोकळा होतो, कामं निघतात. पण हात फारच सैल सुटला तर तेलडाळीचे भाव चढतात आणि सकाळी हातात आलेली मजुरी संध्याकाळच्या बाजाराला पुरत नाही. म्हणजे ह्या एका आकड्याची एक दोरी आपल्या कामाला बांधलेली आहे, दुसरी आपल्या चुलीला. तरी तो आकडा जाहीर झाला की टीव्हीवाला कोणाला विचारतो? बँकेच्या अर्थतज्ज्ञाला, म्युच्युअल फंडाच्या मॅनेजरला, बिल्डरांच्या संघटनेला. नाक्यावर कॅमेरा येत नाही.

ह्या सुटातल्या माणसाभोवती प्रसारमाध्यमांनी एक नाटक बसवलं आहे. ते न्यूयॉर्कात चालतं, लंडनमध्ये चालतं, मुंबईतही चालतं. संहिता एकच. पात्रं दोन. पहिलं पात्र गव्हर्नर: शिकलेला, थंड डोक्याचा, निःस्वार्थी. दुसरं पात्र पुढारी: मतांसाठी हपापलेला, तिजोरीवर डोळा ठेवून बसलेला. पुढारी तिजोरीकडे हात नेतो, गव्हर्नर आडवा येतो, प्रेक्षक टाळ्या पिटतात. कधी हाच खेळ उलटा लागतो: गव्हर्नर हट्टी, पढतमूर्ख, परक्या विचारांचा, आणि पुढारी बिचारा देशाच्या विकासासाठी धडपडणारा. पेपर कोणाच्या खिशात आहे त्यावर नायक कोण, खलनायक कोण हे ठरतं. नाटक मात्र तेच राहतं. आणि दोन्ही प्रयोगांत एक पात्र स्टेजवर येतच नाही. ज्याच्या खिशात ती नोट आहे, तो.

आम्हाला त्या तिसऱ्या पात्राबद्दल बोलायचं आहे.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण हे नाटक तिथे सर्वांत झोकात सजलं. ॲलन ग्रीनस्पॅन हा १९८७ ते २००६ तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडरल रिझर्व्हचा अध्यक्ष. व्याजदराच्या बैठकीला तो निघाला की टीव्हीचे कॅमेरे त्याच्या हातातल्या बॅगेवर रोखलेले असायचे. बॅग जाड दिसली तर आत कागद जास्त, म्हणजे दर बदलणार. बॅग पातळ, तर काही होणार नाही. हा आमचा विनोद नाही. १९९०च्या दशकात धंद्याच्या बातम्या देणाऱ्या तिथल्या चॅनलवर हे चालायचं. फेब्रुवारी १९९९मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्याला आणि अर्थखात्यातल्या आणखी दोघांना मुखपृष्ठावर छापलं आणि मथळा दिला, जग वाचवणारी समिती. २००० साली बॉब वुडवर्डने त्याच्यावर पुस्तक लिहिलं. नाव 'माएस्ट्रो'. म्हणजे उस्ताद.

उस्तादाची करामत काय होती? ती त्याने स्वतःच फेब्रुवारी १९९७मध्ये अमेरिकी संसदेसमोर सांगितली. धंदा जोरात, बेकारी कमी, तरी मजुरी का चढत नाही? त्याने दिलेलं कारण असं की, कामगाराच्या मनात नोकरी जाण्याची धास्ती आहे. बस्स. धास्तीमुळे मजुरी थांबली, मजुरी थांबली म्हणून भाव थांबले, भाव थांबले म्हणून व्याज चढवावं लागलं नाही आणि शेअरबाजार आभाळाला भिडला. आम्ही धक्क्यावर काम करतो. पुढच्या महिन्याचा पास निघेल की नाही ह्या धास्तीने माणूस पगारवाढीचा शब्द कसा गिळतो, ते समजायला आम्हाला उस्ताद लागत नाही. पण मुखपृष्ठावर उस्ताद आला. धास्ती आली नाही. मग २००८ साली सगळा डोलारा कोसळला आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला ग्रीनस्पॅनला संसदेच्या समितीपुढे कबूल करावं लागलं की जगाबद्दलच्या आपल्या समजुतीत खोट निघाली. तोवर त्या खोटीची किंमत दुसऱ्यांनीच मोजली होती. घरं गेली ती त्यांची.

त्याच्या आधीचा नायक पॉल व्होल्कर. १९७९ साली तो फेडच्या गादीवर आला तेव्हा अमेरिकेत महागाई भडकली होती. त्याने व्याजदर असा चढवला की १९८१ साली तो वीस टक्क्यांच्या आसपास गेला. महागाई मेली हे खरं. १९८२च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली हेही खरं. आणि काळ्या माणसांमधली बेकारी १९८३ उजाडताना वीस टक्क्यांच्या वर होती, हे त्याहून खरं. घरं बांधणारे लोक निषेध म्हणून लाकडाचे तुकडे पोस्टाने फेडला पाठवत होते. व्होल्करच्या खिशात एक कार्ड असायचं आणि त्यावर मोठ्या युनियनांचे पगारकरार किती टक्क्यांवर सुटले ते टिपलेलं असायचं, असं अमेरिकी पत्रकारांनी लिहून ठेवलं आहे. बघा, साहेबांना आपली आठवण अगदीच नसते असं नाही. खिशातल्या कार्डावर असते. २०१९ साली तो वारला तेव्हा मृत्युलेखांत त्याला महागाईचा कर्दनकाळ म्हटलं गेलं. ज्यांच्या पाठीवरून ती महागाई मारली गेली, त्यांच्या नावाने मृत्युलेख छापायची पद्धत नाही.

विल्यम ग्रायडर नावाच्या पत्रकाराने १९८७ साली ह्याच फेडवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो, देवळातली गुपितं. नाव चपखल आहे. गाभारा, पुजारी, न समजणारे मंत्र आणि बाहेर हात जोडून उभी गर्दी. देवळाचा अनुभव आपल्याला नवा नाही. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दाराशी आपले बापजादे उभे राहिले तेव्हाही हेच सांगितलं होतं: आतलं तुम्हाला कळायचं नाही, शिवू नका, बाटेल. आज अर्थकारणाच्या पानावरून तेच सुशिक्षित आवाजात सांगितलं जातं: चलनाचा विषय तज्ज्ञांचा आहे, मतदाराने हात लावला की बाटतो.

पण त्याच अमेरिकेत ह्या देवळाच्या दाराला एकदा धक्का बसला होता. मार्टिन ल्यूथर किंगचा १९६३चा वॉशिंग्टन मोर्चा नुसता स्वातंत्र्यासाठी नव्हता. तो रोजगार आणि स्वातंत्र्य ह्या दोन्हींसाठी होता, आणि रोजगार हा शब्द आधी होता. किंगच्या खुनानंतर त्याची बायको कोरेटा स्कॉट किंग हिने १९७०च्या दशकात सर्वांना काम मिळालं पाहिजे ह्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं मोहीम चालवली. १९७८ साली कायदा झाला. युनियनांना हवा होता तेवढा कडक नव्हता, बराच पातळ करूनच झाला. पण त्या कायद्याने फेडला बांधून घातलं की, त्याने वर्षातून दोनदा संसदेसमोर येऊन भाव आणि काम ह्या दोन्हींचा हिशेब द्यायचा. ग्रीनस्पॅनने धास्तीची कबुली दिली ती अशाच हजेरीत. म्हणजे उस्तादाला बोलतं केलं ते टीव्हीच्या कॅमेऱ्याने नाही, काळ्या माणसांच्या चळवळीने. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता मुंबईत येऊ. रिझर्व्ह बँकेचा टॉवर बंदराच्या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाळी सुटल्यावर आमच्यातले निम्मे त्याच्या सावलीतून स्टेशन गाठतात. १ एप्रिल १९३५ला बँक सुरू झाली. पहिला गव्हर्नर इंग्रज, ऑस्बर्न स्मिथ. त्याचं सरकारशी फाटलं आणि १९३७ साली तो गेला. १ जानेवारी १९४९पासून बँक सरकारी मालकीची झाली. १९५७च्या जानेवारीत बेनेगल रामा राव यांनी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी भांडण होऊन राजीनामा दिला. मंत्र्याचं म्हणणं, बँक ही माझ्या खात्याचाच भाग. पंतप्रधान नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली. म्हणजे हे भांडण आजच्या सरकारने आणलेलं नाही आणि मागच्या सरकारनेही नाही. ज्याच्या हाती राज्य त्याला नोटांची किल्ली हवीच असते.

नवीन आहे ती त्याची जाहिरात. २०१३ साली रघुराम राजन आले आणि पेपरांना आपला ग्रीनस्पॅन सापडला. रॉकस्टार गव्हर्नर. त्यांच्या दिसण्यावर रकाने भरले. सप्टेंबर २०१५मध्ये त्यांनी दर अर्ध्या टक्क्याने उतरवला. कोणी त्यांना सांताक्लॉज म्हणत होतं, कोणी ससाणा. इंग्रजी पेपरवाले व्याज चढवणाऱ्याला ससाणा म्हणतात आणि उतरवणाऱ्याला कबुतर. त्यावर राजन म्हणाले की माझं नाव रघुराम राजन आहे आणि मी जे करतो ते करतो. झालं! जेम्स बाँडच मिळाला. राजन यांना आम्ही हलके लेखत नाही. बड्या थकबाकीदारांची कर्जं बँकांनी झाकून ठेवली होती, त्यांना पुस्तकं उघडायला त्यांनी लावली. ते काम खरं होतं आणि त्यामुळे पुष्कळांच्या पोटात दुखलं. मे २०१६मध्ये एका खासदाराने ते मनाने पूर्ण भारतीय नाहीत असं पंतप्रधानांना लिहिलं आणि जूनमध्ये राजन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की मी परत शिकवायला जातोय. पेपरांनी त्याला रेक्झिट असं नाव दिलं आणि प्रश्न विचारला, सोमवारी सेन्सेक्स किती पडेल? थकबाकीदारांची यादी कुठे गेली, हा प्रश्न मागे राहिला. नायक गेला, त्याचं दुःख झालं. चोर राहिले, त्याची बातमी झाली नाही.

पण ह्या नाटकाचं खरं पितळ उघडं पडलं २०१८च्या ऑक्टोबरात. गव्हर्नर होते ऊर्जित पटेल. सरकारला रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतला पैसा हवा होता आणि बुडीत बँकांवरची बंधनं सैल करून हवी होती. बँक नको म्हणत होती. कायद्यातल्या सातव्या कलमाचा विषय निघाला. त्या कलमाने सरकार लोकहिताच्या नावाखाली बँकेला हुकूम देऊ शकतं, आणि तोवर ते एकदाही वापरलेलं नव्हतं. २६ ऑक्टोबरला मुंबईत डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी भाषण केलं. अर्जेंटिनाचं उदाहरण दिलं: तिथे २०१०मध्ये सरकारने गंगाजळी मागितली, गव्हर्नरने दिली नाही आणि त्याला जावं लागलं. मग इशारा दिला की जी सरकारं मध्यवर्ती बँकेचं स्वातंत्र्य मानत नाहीत, त्यांना आज ना उद्या वित्तीय बाजारांचा कोप सोसावा लागेल.

कोप कोणाचा? बाजारांचा.

एका आठवड्यात सरकारकडून उत्तर आलं. अर्थखात्याचे सचिव सुभाष गर्ग यांनी ट्विटरवर लिहिलं की रुपया डॉलरला ७३च्या आत आहे, कच्चं तेल पिंपाला ७३ डॉलरच्या आत आहे, शेअरबाजार आठवड्यात चार टक्क्यांनी वर आहे, सरकारी रोख्यांचं व्याज ७.८ टक्क्यांच्या खाली आहे. मग कुठे आहे बाजारांचा कोप?

पेपरांनी हे जंगी भांडण म्हणून छापलं. स्वातंत्र्याचा लढा, संस्थांचा बचाव, वगैरे वगैरे. नीट बघा दोस्तहो. भांडण कसलं? दोघांच्या हातात एकच तराजू होता. एक म्हणतो बाजार चिडेल, दुसरा म्हणतो बाजार खूश आहे. लोक चिडतील, असं बँकेचा माणूस म्हणाला नाही. लोक खूश आहेत, असं लोकांनी निवडलेल्या सरकारचा माणूससुद्धा म्हणाला नाही. निवडणुकीला उभा राहणारा आणि न राहणारा, दोघे एकाच देवाला कौल लावत होते. आणि एवढ्या मोठ्या पत्रकारितेत फारच थोड्यांनी विचारलं की गव्हर्नर मंत्र्यापासून स्वतंत्र असेल, पण शेअरबाजारापासून आहे का?

१० डिसेंबर २०१८ला पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला. दोन दिवसांत शक्तिकांत दास आले. अर्थखात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. २६ ऑगस्ट २०१९ला बँकेच्या मंडळाने सरकारला १ लाख ७६ हजार ०५१ कोटी रुपये द्यायचं ठरवलं. देणं चूक की बरोबर, ह्यावर अर्थशास्त्रज्ञ भांडले. आमचा प्रश्न साधा आहे. पैसा ह्या तिजोरीतून त्या तिजोरीत गेला. तिथून तो शिष्यवृत्तीला गेला, रेशनला गेला, की कंपन्यांच्या करसवलतीत जिरला, हे कोण विचारणार? त्याच वर्षी २० सप्टेंबरला कंपन्यांवरचा कर उतरवला गेला. ही तारीख त्या तारखेशेजारी ठेवून बघायला कोणाची बंदी नव्हती.

आता मागे जाऊ. कारण गव्हर्नरचं स्वातंत्र्य आम्हाला खरंच हवं होतं असा एक दिवस होऊन गेला. ८ नोव्हेंबर २०१६.

त्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि ५०० नि १०००च्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या पैशापैकी किमतीने ८६ टक्के रद्दी. रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाची बैठक त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत झाली होती. तिचं इतिवृत्त पुढे माहिती अधिकारात बाहेर आलं. त्यात मंडळाने नोंदवलं आहे की काळा पैसा मुख्यतः रोकडीत नसतो, सोन्यात आणि जमीनजुमल्यात असतो. म्हणजे कळत होतं! कळत होतं आणि तरी शिफारस दिली. काही तासांत दिली. जे मंडळ दर पाव टक्क्याने हलवायचा की नाही ह्यावर दोन दोन दिवस बसणाऱ्या बँकेचं आहे, त्याने अख्ख्या देशाचा गल्ला एका संध्याकाळी सोडून दिला.

पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांचं खातं नव्हतं, ज्यांचा पगार रोकडीत होता, ते मेले. आमच्या वस्तीत मुकादमांनी जुन्याच नोटांत मजुरी वाटली: घ्यायची तर घे, नाहीतर थांब पुढच्या महिन्यापर्यंत. घ्यावी लागली. मग ती बदलायला रांग, रांगेपायी बुडालेली पाळी, बुडालेल्या पाळीचा खाडा. ऑगस्ट २०१८मध्ये बँकेच्या वार्षिक अहवालात हिशेब आला: १५.४१ लाख कोटींच्या नोटा रद्द केल्या, १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या. ९९.३ टक्के. काळा पैसा कुठे बुडाला? बुडाल्या त्या आमच्या पाळ्या.

आणि त्या दिवसांत माध्यमं काय करत होती? काही चॅनलवर दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, ती जमिनीखालूनही दिसते, अशा गोष्टी गंभीर चेहऱ्याने चालल्या होत्या. मध्यवर्ती बँकेच्या स्वातंत्र्यावर अग्रलेख लिहिणारे पेपर चाचरत होते. दोन वर्षांनी गंगाजळीचा विषय निघाला तेव्हा त्यांना कंठ फुटला. ह्यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. रोखेबाजाराला धक्का बसतो तेव्हा स्वातंत्र्य धोक्यात असतं. नाक्याला धक्का बसतो तेव्हा ती देशभक्ती असते.

म्हणून कोणी म्हणेल, जाऊ दे ते स्वातंत्र्य, चलन निवडून आलेल्यांच्या हाती द्या, लोकशाही आहे. आमच्यातलेही काही भिडू असं बोलतात. त्यांनी तुर्कस्तानकडे बघावं. तिथे एर्दोगान यांनी २०१९ ते २०२१मध्ये तीन गव्हर्नर काढले. महागाई चढत असताना व्याज उतरवायला लावलं. ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारी आकड्यानेच महागाई ८५ टक्क्यांच्या वर होती. ज्याच्याकडे घरं आणि डॉलर होते त्याचं वाढलं. ज्याच्याकडे फक्त महिन्याचा पगार होता त्याचा पगार हातातल्या हातात अर्धा झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५मध्ये ट्रम्प यांनी फेडच्या मंडळावरच्या लिसा कुक यांना काढल्याचं जाहीर केलं. त्या मंडळावर बसलेल्या त्या पहिल्या काळ्या बाई. आरोप घरकर्जाच्या कागदांचा. त्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबरमध्ये कोर्टाने ती बडतर्फी रोखली. आत जायला शंभराच्या वर वर्षं लागतात आणि बाहेर काढायला एक पत्र पुरतं. तेव्हा स्वातंत्र्य म्हणजे निव्वळ थोतांड, असं आम्ही म्हणणार नाही. महागाई हा गरिबावर बसणारा कर आहे आणि तो कोणत्याही सभागृहात मंजूर व्हावा लागत नाही. राज्यकर्त्याच्या हातात नोटांचा छापखाना आम्हालाही नको.

मग हवं काय? इथे बाबासाहेबांकडे जावं लागतं, आणि ते फोटोला हार घालायला नव्हे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली असे मेसेज दर चौदा एप्रिलला फिरतात. छाती फुगते, मेसेज पुढे जातो, पुस्तक उघडत नाही. पुस्तक आहे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', १९२३ साली लंडनमध्ये छापलेलं. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं, साक्ष दिली, आणि पुढच्या वर्षी त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. हे रेकॉर्डवर आहे. पण ते काय म्हणाले, ते महत्त्वाचं.

दोन गोष्टी म्हणाले. पहिली: चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नका, कारण नोट काढणाऱ्याचा निर्णय चुकला तर त्याच्या स्वतःच्या खिशाला झळ लागत नाही. ह्यावर त्यांनी तोडगा म्हणून भला माणूस शोधला नाही. शहाण्या साहेबावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांना नियम हवा होता, नोटा किती काढायच्या ह्यावर बांध हवा होता, आणि तो त्यांनी सोन्याशी बांधायला सांगितला. सोन्याचा काळ गेला, पण मुद्दा गेला नाही: माणसाच्या मोठेपणावर नव्हे, त्याच्यावरच्या बंधनावर विसंबा. पेपरवाल्यांच्या नायकपूजेला शंभर वर्षांपूर्वी दिलेलं हे उत्तर आहे.

दुसरी गोष्ट: रुपया स्वस्त झाला की निर्यातवाल्याला, गिरणीमालकाला नफा होतो. तो नफा कुठून येतो? देशात भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, त्या फरकातून. म्हणजे मजुराच्या ताटातून. म्हणून रुपयाची कसोटी पौंडाशी नाही, तो बाजारात काय विकत घेतो ह्याशी. आमच्या भाषेत, डॉलरला किती रुपये हा प्रश्न नंतर, रुपयाला किती तांदूळ हा प्रश्न आधी. चलनाच्या प्रश्नात ज्याने मजुराला मोजलं, त्याचं हे पुस्तक. आणि त्याच विषयाच्या पानावर आज मजुराला जागा नाही.

का नाही, तेही बघू. २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी देशातल्या बातमीदारीची पाहणी केली. वरच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण. दलित आणि आदिवासी शून्य. रिझर्व्ह बँकेचे आजवर २६ गव्हर्नर झाले, त्यात बाई एकही नाही. सांगणारे ते, ज्यांच्याबद्दल सांगायचं तेही त्यांच्याच कॉलेजातले, आणि ऐकणारा शेअर घेऊन बसलेला. मग त्या पानावर धास्ती कुठून येणार?

आता कामाचं बोलू. २०१६ साली कायदा बदलून सहा जणांची समिती आली, तीन बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले. महागाई चार टक्क्यांवर ठेवायची, दोन टक्के इकडेतिकडे चालेल, असं तेव्हा सरकारने ठरवून दिलं. बैठकीचं इतिवृत्त चौदा दिवसांनी छापलं जातं. ही चांगली गोष्ट आहे, वाचत जा. त्याच कायद्यात असंही आहे की सलग तीन तिमाही महागाई मर्यादेबाहेर राहिली तर बँकेने सरकारला लेखी कळवायचं: का चुकलं, काय करणार, कधीपर्यंत आटोक्यात आणणार. २०२२ साली पहिल्यांदा ती वेळ आली. जानेवारी ते सप्टेंबर महागाई सहा टक्क्यांच्या वर होती. ३ नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं. आणि ते पत्र जनतेला दाखवलं नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, असं सरकारने संसदेला सांगितलं. इंग्लंडात बँकेचा गव्हर्नर मंत्र्याला असं पत्र लिहितो ते सरळ छापून येतं.

बघा गंमत. चार वर्षांपूर्वी एकमेकांच्या उरावर बसलेले दोघे, आमच्या चुलीचा हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा एका पाकिटात गुण्यागोविंदाने नांदले. स्वातंत्र्यही गप्प, लोकशाहीही गप्प. आणि हत्ती फिरायला गेला, हत्ती जंगलात परतू लागला, असे गव्हर्नरसाहेबांचे महागाईवरचे दाखले २०२४ साली पेपरांनी कौतुकाने छापले. हत्तीने तुडवलेल्या शेताची चौकशी करायला जंगलात जावं लागत नाही. धारावीत या, वडाळ्याला या.

आमची मागणी तीन कलमांत आहे. पहिलं, ते पत्र बाहेर काढा, आणि पुढचं प्रत्येक पत्र ज्या दिवशी लिहाल त्याच दिवशी छापा. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात चलनधोरणाचा उद्देश म्हणून भाव आहेत, वाढ आहे; काम हा शब्द नाही. तो घाला, आणि दर वेळी दर हलवताना किती हातांचं काम जाईल नि ते कोणाचे हात असतील ह्याचा अंदाज लेखी द्या. तिसरं, केंद्रीय मंडळावर उद्योगपती बसत आले आहेत, तिथे मजुरीवर जगणाऱ्यांचा माणूस हक्काने बसवा. गव्हर्नर मंत्र्याला भीत नसेल तर उत्तम. पण त्याने आम्हाला जबाब दिला पाहिजे.

हे कोणी आपणहून देणार नाही. कोरेटा किंगलाही दिलं नव्हतं. तिला रस्त्यावर यावं लागलं, वर्षं घालवावी लागली, आणि हाती आलं तेही अर्धंमुर्धं. पण त्या अर्ध्यामुर्ध्याने उस्तादाला उभं करून बोलायला लावलं. आपल्या अभ्यासमंडळांनी आता चलन हा विषय घ्यावा. पुढचा दर जाहीर होईल त्या संध्याकाळी प्रत्येक शाखेने आपापल्या नाक्यावर उभं राहून तो आकडा मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ साध्या मराठीत सांगावा, आणि माणसं काय म्हणतात ते लिहून आणावं. आम्ही छापू. बाजार खूश की नाराज, ते छापायला दुसरे पुष्कळ आहेत.

जयभीम.